आधी गूळ, मग स्ट्रॉबेरी

प्रश्न : जानेवारीच्या शेवटी आम्हाला चार दिवस मोकळे आहेत. आम्ही ठाण्याचे. गाडीत मी, नवरा, सासूबाई (वय ७१, शाकाहारी, मधुमेह आहे) आणि ११ व ५ वर्षांची दोन मुलं. यंदा हॉटेल-पॉइंट-फोटो नको, शेतं बघायची आणि तिथलं खायचं असं ठरवलंय. यादी केली आहे : पहिल्या दिवशी सासवडला हुरडा, मग वाई, भिलार, महाबळेश्वर, तापोळा, सातारा, कोरेगाव, कराड, तासगाव, सांगली, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, कोल्हापूर, शेवटी आजरा आणि २६ जानेवारीला रात्री घरी. जमेल का? कुणाच्या शेतात असं जाता येतं का? काय विकत आणावं आणि ते धड घरी कसं पोहोचवावं? गेल्या वर्षी आणलेल्या स्ट्रॉबेरीचा घरी येईपर्यंत जॅम झाला होता.
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई, तुमच्या यादीत चौदा गावं आहेत आणि हातात चार दिवस. त्यातले ठाणे ते कोल्हापूर जाऊन-येऊन साडेसातशे-आठशे किलोमीटर तर नुसत्या चाकांचे. उरलेल्या वेळात चौदा ठिकाणी थांबायचं म्हणजे गाडीतून उतरायचं, वास घ्यायचा आणि पुन्हा बसायचं. शेत बघायला किमान दोन-अडीच तास लागतात, कारण शेतावरचं कोणतंही काम तुम्ही पोहोचलात म्हणून सुरू होत नाही. दिवसाला एकच शेत, फार तर एक शेत आणि एक बाजार, एवढंच धरा.

आता कात्री. तापोळा काढा, महाबळेश्वरहून घाटरस्त्याने जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. महाबळेश्वर गावही काढा, तुम्हाला हवी ती स्ट्रॉबेरी भिलारलाच आहे. आजरा कोल्हापूरच्याही पुढे ऐंशीएक किलोमीटर. तिथला घनसाळ तांदूळ हवा असेल तर तो कोल्हापुरात मिळतो, आणि भात तर नोव्हेंबर-डिसेंबरातच कापून झालेलं असतं, बघायला रिकामी खाचरं. तासगाव-सांगली काढताना जीव तुटेल, पण कारण ऐका. बेदाण्याची शेडं खरी भरतात फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात, पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. जानेवारीत गेलात तर बहुतेक शेडांच्या जाळ्या रिकाम्याच दिसतील. हळदीचंही तसंच, काढणी जानेवारीत सुरू होते पण शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन माल बाजारात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तासगाव, सांगली, वाडी आणि खिद्रापूर अशी वेगळी सहल मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करा. कोरेगावला जायची गरज नाही, तिथला वाघ्या घेवडा साताऱ्याच्या वाणसामानाच्या दुकानात मिळतो.

उरलं काय? कोल्हापूर, सातारा, वाई-भिलार आणि हुरडा. हे चार दिवसांत निवांत बसतं.

दुसरी दुरुस्ती तारखेची. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत पाचगणीचा पसरणी घाट चढायला किती वेळ लागेल ते कुणी सांगू नये. मुलांची शाळा चार दिवस बुडवायची तयारी असेल तर पुढच्या आठवड्यात मंगळवारी निघा आणि शुक्रवारी परत या. शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरची गर्दी मुंबईहून बाहेर पडणारी असते, तुम्ही उलट दिशेने येत असाल.

तिसरी दुरुस्ती सगळ्यात महत्त्वाची : तुमचा मार्ग उलटा करा. गेल्या वर्षीच्या जॅमचं कारण बहुधा हेच असणार. स्ट्रॉबेरी जवळ लागते म्हणून लोक ती आधी घेतात, मग ती दोन-तीन दिवस डिकीत फिरते. गूळ सहा महिने टिकतो, घेवडा वर्षभर, कंदी पेढा आठवडाभर, स्ट्रॉबेरी थंडाव्यात जेमतेम दोन-तीन दिवस, आणि हुरडा तर आगटीतून (कणसं भाजायच्या विस्तवातून) काढल्यावर दहा मिनिटं. खरेदीही याच क्रमाने व्हायला हवी. म्हणून पहिल्या दिवशी, अंगात ताकद असताना, सरळ कोल्हापूर गाठा आणि तिथून पिकं बघत बघत घराकडे या.

मंगळवारी पहाटे साडेचार-पाचला निघा. पुण्याचा बाह्यवळण रस्ता आठच्या आत ओलांडला तर तासभर वाचतो. खेड-शिवापूरचा टोलनाका गेल्यावर नाश्ता करा, आधी नको. पुढे आणेवाडी, तासवडे, किणी असे टोल येतात. सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे वळणरस्ते अचानक येतात, तिथे वेग आवरा. दुपारी दीडच्या सुमारास कोल्हापुरात जेवायला पोहोचाल.

तांबडा-पांढरा कुठे चांगला, हा वाद कोल्हापुरात आम्ही सोडवणार नाही. एवढंच बघा की दुपारी बाराच्या पुढे, पहिल्या-दुसऱ्या पंगतीत बसायचं. मटणाच्या उकडीवर सगळा खेळ असतो आणि उशिरा गेलेल्याच्या वाटीत वाढवलेलं पाणी येतं. पांढरा रस्सा खसखस, तीळ, काजू आणि नारळाच्या दुधाचा. तो गरम असतानाच प्यायचा, निवला की वर चरबीचा थर धरतो. मुलांना पांढऱ्यानेच सुरुवात करू द्या. सासूबाईंसाठी शाकाहारी थाळीत भाकरी, भरलं वांगं, झुणका मागा. थाळीतलं गोड त्यांना परतवायला सांगा, बिनदिक्कत.

बुधवारी सकाळी मिसळ. कोल्हापुरी मिसळीबरोबर लादीपाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, त्यावर नाक मुरडू नका, रस्सा शोषायला त्याच बऱ्या. कट वेगळ्या वाटीत मागून घ्या म्हणजे ज्याला जेवढा झेपेल तेवढा. मग साडेनऊला गुऱ्हाळ. इथे मात्र घाई करायची नाही, या सहलीतलं हे सगळ्यात बघण्यासारखं आहे.

गुऱ्हाळं करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत, पन्हाळा आणि गगनबावडा रस्त्यांच्या आजूबाजूला आहेत. धूर दिसतो, पण धुरामागे न जाता आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून एखाद्या गुऱ्हाळाचा फोन नंबर घ्या. फोनवर एकच प्रश्न : ‘उद्या सकाळी पहिलं आदण किती वाजता उतरणार?’ आदण म्हणजे काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या पसरट कढईतला, एक घाणा. रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत अडीच-तीन तास जातात. तुम्ही पोहोचायचं ते आदण उतरायच्या तासभर आधी. काहील नुकतीच भरलेली असताना गेलात तर दोन तास उकळतं पाणी बघत बसाल, आणि गूळ उतरल्यावर गेलात तर काहिलीचं धुणं बघाल.

काय बघायचं ते सांगतो. चरकातून निघालेला रस हौदात निवळून काहिलीत येतो. खाली चुलवाण, त्यात वाळलेलं चिपाड टाकणारा जळव्या. वर काहिलीपाशी गुळव्या, आणि सगळी सूत्रं त्याच्या हातात. रस तापू लागला की भेंडीची खोडं-मुळं चेचून काढलेला चिकट रस त्यात घालतात. त्याला गाळ चिकटतो आणि काळपट मळी वर येते, ती मोठ्या झाऱ्याने काढत राहायची. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळपट आणि किरकिरीत होतो. गरजेप्रमाणे चुन्याची निवळी पडते. मग पिवळा फेस चढतो, उतू जाऊ नये म्हणून तेलाचे चार थेंब. १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास जे असतं ती काकवी. काकवी हवी असेल तर त्याच वेळी काढून ठेवायला आधीच सांगून ठेवावं लागतं, मागाहून मागितलीत तर ती गूळ होऊन गेलेली असते. ११८ अंशांपर्यंत गेलं की गूळ.

गुळव्या थर्मामीटर क्वचितच वापरतो. तो काठीने थोडा पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या कडेवर आपटतो. गोळी चपटी झाली तर अजून वेळ आहे. ‘टण्’ वाजली की त्या क्षणी ओरडा होतो, कप्पीने काहील उचलून सगळा ऐवज वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतला जातो. मुलांना हा आवाज ऐकू द्या. या शेवटच्या दहा मिनिटांत गुळव्याशी बोलायचं नाही, फोटोसाठी वाटेत उभं राहायचं नाही. दोन-तीन अंश जास्त झाले तर गूळ करपट होतो, कमी पडले तर ढेप बसत नाही, आणि त्या घाण्यात कुणाचा तरी टनभर ऊस असतो. टनाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो, एवढ्यावरून हिशेब करा.

सुरक्षेचं : पाच वर्षांच्या मुलाचा हात एकाने धरलेलाच हवा, काहिलीपासून आठ-दहा पावलं लांब. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि मग डॉक्टर. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही लावायचं नाही. वाफ्यातला गरम गूळ लोक प्रेमाने हातावर ठेवतात, तो मुलांना कागदावर घेऊन पाच मिनिटांनी द्या. चरकाजवळ ओढणी आणि पदर खोचून घ्या. स्वच्छतागृहाची खात्री धरू नका, मुक्कामावरूनच उरकून निघा.

कोणता गूळ घ्यायचा? पिवळाधमक नको. तसा रंग यायला बहुतेक वेळा हायड्रोस (रंग उजळवणारी रासायनिक पूड) घातलेली असते आणि ती पिवळाई काही आठवड्यांत उतरून गूळ आपोआप काळवंडतो. तपकिरी, किंचित लालसर घ्या. खडा मोडल्यावर आत कणीदार दिसला पाहिजे, चवीला खारट लागता कामा नये. खारट चव बऱ्याचदा क्षारपड जमिनीतल्या उसाची असते, बनवणाऱ्याचा दोष नसतो. गुऱ्हाळात साखरेची पोती रचलेली दिसली तर ऊस-रस प्या, आभार माना आणि गूळ दुसरीकडे घ्या. किलो-दोन किलोचे रवे (छोट्या ढेपा) घ्या, दहा किलोची ढेप घरी फोडताना खलबत्ता लागतो आणि उघडी राहिली की पावसाळ्यात पाणी सुटतं. सुती कापडात, मग कागदात, मग डब्यात. काकवी पूर्ण निवल्यावरच बाटलीत भरून द्यायला सांगा. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत गरम काकवी भरली की बाटली आवळते आणि झाकण गळतं, मग गाडीच्या गालिच्यात काकवी आणि काकवीत मुंग्या. काचेची किंवा स्टीलची बरणी घरून न्या आणि वर दोन बोटं जागा सोडा.

सासूबाईंसाठी स्पष्ट सांगतो : गूळ आणि काकवी ही साखरच आहे. ‘सेंद्रिय आहे, चालतं’ असं गुऱ्हाळावर हमखास कुणीतरी सांगेल, त्याकडे काणाडोळा करा. चवीपुरता शेंगदाण्याएवढा खडा ठीक, रसाचा पेला नाही. त्यांची औषधं, ग्लुकोमीटर आणि वेळेवर खायला फुटाणे-भाकरी हाताशी असू द्या. सहलीत जेवण लांबतं आणि साखर अचानक उतरते, धोका तिथेही असतो.

दुपारी झोपा. मनापासून सांगतो, मुलांसाठी नाही तर ड्रायव्हरसाठी. संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा बघा, म्हशी समोर उभ्या असतात आणि दूध समोर काढून पेल्यात देतात. बघायला मजा आहे. प्यायचं मात्र मुलांनी आणि सासूबाईंनी नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात, म्हैस डोळ्यांसमोर असल्याने त्यात फरक पडत नाही. किटलीत घेऊन मुक्कामावर उकळून घ्या, साय बघून सगळ्यांची रुखरुख जाईल.

एक सूचना इथेच, कारण ती याच भागाला लागू आहे. जानेवारी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि ऊस भरलेल्या बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि पुष्कळांना मागे दिवा किंवा चकाकती पट्टी नसते. अंधारात पुढे एकदम काळी भिंत उभी राहते. दिवस मावळल्यावर आडरस्त्यावर गाडी चालवायचीच नाही, असा नियम करा. दिवसाही ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा की ट्रॅक्टर संपला म्हणजे गाडी संपली नाही, मागे दोन डोलणाऱ्या ट्रॉल्या आहेत. पहाटे कृष्णाकाठी दाट धुकं असतं, म्हणून गुरुवारी साडेनऊ-दहाच्या आधी कोल्हापूर सोडू नका.

गुरुवारचा दिवस सोपा. कराडच्या आसपास दुपारी बाराला जेवण, अख्खा मसूर आणि रोटी. पेठ नाका, कराड हा त्याचा पट्टा आहे आणि सासूबाईंना या सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण बहुधा इथेच मिळेल. वर तरंगणारं तेल चमच्याने बाजूला करा. साताऱ्यात अडीचच्या सुमारास मोती चौकात कंदी पेढे. खवा जास्त भाजलेला असल्यामुळे ते प्रवासात टिकतात, पण त्याच दिवशीचे मागा आणि पुठ्ठ्याचा खोका उन्हात ठेवू नका. मग वाघ्या घेवडा. दाण्यावर जांभळट-लाल रेघा असतात, त्यावरून नाव. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पीक खरिपाचं, म्हणजे जानेवारीत दुकानात असलेला माल तीन-चार महिन्यांपूर्वीचा हवा. ‘यंदाचाच ना?’ असं विचारा. जुना घेवडा कुकरच्या सहा शिट्ट्या घेऊनही टचटचीत राहतो. घरी सात-आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळूनच शिजवा. हा राजम्याच्याच जातीचा दाणा आहे, अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडतं.

वाईत कृष्णेच्या घाटावर तासभर बसा, पण पसरणी घाट उजेडात चढा. मुक्काम भिलारला. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली असतात, आणि गावात घरगुती राहण्याची सोय होते. मुक्काम ठरवतानाच विचारा : ‘सकाळी तुमची तोडणी असते त्यात आम्हाला येता येईल का?’ होय म्हणणारं घर घ्या, मग शेत शोधायला नको.

शेतात कसं जावं, हे तुम्ही विचारलंत. कुणाच्याही शेतात आपण होऊन शिरायचं नाही, कुंपण नसलं तरी. बांधावरून हाक मारायची, ‘दादा, बघायला येऊ का?’, आणि उत्तर आल्यावरच पाऊल टाकायचं. कृषी पर्यटन केंद्रात जात असाल तर पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का ते विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून अशी नोंदणी होते. साध्या शेतकऱ्याकडे गेलात तर त्याच्या कामाचे दोन तास तुम्ही घेता, म्हणून निदान दोन-तीन किलो माल घ्यायचा आणि भावात घासाघीस करायची नाही. रोख सुटे पैसे ठेवा, फोनवरून पैसे घेतात सगळे, रेंज नसते. आणि एक गोष्ट जी मुलांच्या आई-वडिलांना सहसा कुणी सांगत नाही : शेततळं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय घसरला तर पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. विहिरीपेक्षा ते धोकादायक, कारण ते धोकादायक दिसत नाही. मुलांना त्याच्या बांधावरही जाऊ देऊ नका.

शुक्रवारी सकाळी सातला शेतात. ऊन चढायच्या आत तोडलेलं फळच प्रवास सोसतं, दहानंतरचं फळ आतून गरम असतं आणि डब्यात घाम धरतं. स्ट्रॉबेरी ओढायची नाही. फळाच्या वर एक-दीड सेंटिमीटरवर देठ अंगठ्याच्या नखाने आणि पहिल्या बोटाने खुडायचा, हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे. टोपी निघाली की तिथूनच बुरशी शिरते. पूर्ण लाल तेवढंच घ्या. आंबा-चिकू घरी पिकतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. खांद्याशी पांढरी असेल तर रंग थोडा गडद होईल, गोडी तेवढीच राहील. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोझा, नाबिला अशी वाणं या भागात दिसतात. कॅमारोझा टणक, लांबच्या प्रवासाला बरी, स्वीट चार्ली नावाप्रमाणे गोड पण मऊ. समोर कोणतं आहे ते शेतकऱ्यालाच विचारा, खायला एक आणि न्यायला एक घ्या.

वाफ्यांवर पाय द्यायचा नाही. मल्चिंगचा कागद फाटला की तण उगवतं, खालची ठिबकची नळी दबली तर पुढची रांग कोरडी पडते. मुलं खुडता खुडता तोंडात टाकणारच, म्हणून आधी विचारा, ‘शेवटची फवारणी कधी झाली?’ कोळी ही कीड आणि करपा हा रोग यांच्यासाठी फवारण्या होतात. परवाच झाली असेल तर तिथे खाऊ नका, आणि घरी नेलेलं फळही धुऊन खा. प्रामाणिक शेतकरी हे सांगतो, आणि बरेच दिवस फवारणी न झालेली रांग दाखवून देतो.

आता न्यायचं कसं. घरून थर्माकोलचा डबा आणा, मुक्कामाच्या घरी रात्री पाण्याच्या दोन बाटल्या बर्फ व्हायला ठेवा. डब्याच्या तळाशी बाटल्या, वर वर्तमानपत्राचे तीन-चार थर, त्यावर पनेट (स्ट्रॉबेरीच्या छोट्या प्लास्टिक डब्या). एकावर एक दोनच, तिसरी नको. बर्फाला फळ टेकलं की काळं पडतं. फळ धुवायचं नाही, ओलं झालं की संपलं. तोडल्यावर अर्धा तास सावलीत निवू द्या, मगच डबा बंद करा. डबा डिकीत नाही, मागच्या सीटच्या पायाशी, एसीचा वारा लागेल असा. डिकीत उन्हाने तापमान केवढं चढतं ते तुम्ही गेल्या वर्षी बघितलंच आहे. दोन किलोंहून जास्त घेऊ नका. जास्त हवी असेल तर त्याच शेतकऱ्याला विचारा, मुंबईच्या बाजाराला रोज रात्री माल जातो, त्याबरोबर पेटी पाठवायची सोय होते का ते तो सांगेल.

साडेनऊला भिलार सोडा. सुरूरला महामार्ग धरून शिरवळमार्गे कापूरहोळला या आणि उजवीकडे नारायणपूर-सासवड रस्त्याला वळा. हुरड्याचं ठिकाण याच रस्त्यावर किंवा सासवडच्या अलीकडे ठरवा आणि परतताना पुन्हा कापूरहोळवरूनच बाहेर पडा. सासवडहून पुण्यात शिरलात तर घाट, कोंढवा आणि कात्रज यांत दीड तास जाईल. हुरडा आधी फोन करून ठरवावा लागतो, माणशी दर जेवणासह असतो. फोनवर विचारायचं ते हे : ज्वारी तुमच्याच रानातली का, आणि कणसं आमच्या समोर खुडणार का? सकाळी टेम्पोतून आलेल्या कणसांची गोडी दुपारपर्यंत उतरलेली असते. मालदांडी ही भाकरीची ज्वारी, हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती बरी.

दाणा नखाने दाबून बघा. पांढरं पाणी आलं तर कोवळा, तो भाजताना फुटून चिकट होतो. मऊ, कणकेसारखा दबला तर नेमका. नख उमटत नसेल तर निबर, त्याचा हुरडा नाही, फुटाणा होतो. आगटीत गोवऱ्यांचा धगधगता आर हवा, ज्वाळ नको. ज्वाळेवर वरचं कूस जळतं आणि आत कच्चं राहतं. कणीस तीन-चार मिनिटं फिरवत भाजून लगेच तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि गरमच तोंडात. शेंगदाण्याची चटणी, दही, खोबरं सोबत, गुळाचा खडा ज्याला चालतो त्याला. कूस घशात अडकतं म्हणून धाकट्याला पाखडून द्या. सासूबाईंना जमिनीवर बसवू नका, खुर्ची मागा, आणि त्यांचा हुरडा जेवणाच्या भाकरीऐवजी धरा, तिच्यावर जादा नाही. वर लगेच पोटभर जेवण घेतलं तर परतीच्या रस्त्यावर चालकाला झोप येईल, तेव्हा त्याला फक्त ताक.

रस्त्यात पुरंदरचे अंजीर दिसले तर अर्धा किलो घ्या, पण घरी न्यायला नाही, गाडीत खायला. मऊ पडलेलंच गोड असतं आणि मऊ पडलेलं रात्रभर टिकत नाही. देठाचा पांढरा चीक ओठांना लागला तर खाज सुटते, देठ मोडून पुसून मुलांना द्या.

साडेतीनला निघालात तर आठ-साडेआठला ठाण्यात. त्या रात्री कितीही दमला असाल तरी तीन कामं उरकूनच झोपा. स्ट्रॉबेरी पनेटमधून काढून ताटात कागदावर एकेरी पसरा, ठेचलेली वेगळी करा आणि ताट फ्रिजमध्ये ठेवा. काकवीचं झाकण एकदा उघडून वाफ धरली आहे का बघा, आतून ओलं असेल तर पुसून लावा. आणि गाडीतले गालिचे उचलून झटका, गुळाचा एक खडा नक्की सापडेल, मुंग्यांच्या आधी तुम्हाला सापडू दे.